पूजेचा रूळ

गाडी हलली नाही.

मालकांनी काळं बटण उजवीकडं फिरवलं. मग आणखी फिरवलं. मग शेवटपर्यंत. ट्रान्सफॉर्मरवरचा तांबडा दिवा लागला होता, म्हणजे वीज येत होती. पण वीतभर लांबीचं पितळी इंजिन गळ्यात झेंडूची माळ घालून कोल्हापूर स्टेशनात उभं होतं ते उभंच राहिलं. त्याच्या मागच्या उघड्या डब्यात गुळाचा खडा ठेवला होता, तोही तसाच.

ही आमच्या घरातली गाडी. दोन लाकडी फळ्यांवर मांडलेली, खेळातली. पण त्या वेळी खोलीत चौदा मोठी माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि त्यातलं एकही हसलं नाही, यावरून काय ते समजा. पोरं हात लावतील म्हणून त्यांना गॅलरीत काढलं होतं. ती खिडकीच्या गजांना लटकून बघत होती.

कोल्हापूरच्या टोकाला स्टुलावर माझी सासू बसली होती. तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो. पलीकडं, कोकणाच्या टोकाला तिचा भाऊ, म्हणजे मालकांचे मामा. दोघांच्या मध्ये कागदाचा घाट. गूळ उचलून घ्यायला मामांनी हात पुढं केला होता. तो तसाच पुढं राहिला.

"सुटली का रं?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांना धड दिसत नव्हतं.

"सुटती, आई. दम धर."

दारात दिनकरराव शिंपी उभे होते. खालच्या मजल्यावर त्यांचं दुकान. ते म्हणाले, "काय मास्तर, शिग्नल मिळाला न्हाय वाटतं."

मालक मान वर न करता म्हणाले, "दिनकरराव, मी म्हटलंय ते म्हटलंय. आज न्हाय चालली तर दसरा झाला की भट्टीत. इंजिन, डबं, सगळं. पितळ हाय, वितळंल."

आमचे मालक बोललेलं करणारे होते. एकदा कशावरून तरी मिशी काढीन म्हणाले आणि काढली. महिनाभर मला परक्या माणसाला जेवायला वाढल्यासारखं वाटायचं. तेव्हा भट्टी म्हणजे भट्टीच.

आणि हे सगळं माझ्यामुळं झालं होतं. मला ते अजून कळलं नव्हतं, एवढंच.

*

परवा सुनेनं दसऱ्याची झाडलोट काढली. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेतली, आतलं एक-एक बाहेर काढलं आणि हातात एक वस्तू धरून माझ्यापुढं उभी राहिली.

"मम्मी, ही कसली ओ शिडी? बाहुलीची हाय का? भंगारात टाकू?"

"ठेव खाली."

"गंजलीया की सगळी."

"गंज न्हाय त्यो. कुंकू हाय."

तिनं नाकाशी धरून बघितलं आणि मान मागं घेतली. मी घेतली तिच्या हातातून. हातभर लांबीचा तुकडा. दोन लोखंडी पट्ट्या, खाली बारक्या लाकडी पट्ट्या, आणि त्याखाली सागवानी पाट, कडा घासून गोल केलेला. वर कुंकवाचा थर एवढा जाड की नखानं खरवडला तर पापुद्रा निघतो. खोबरेल तेलाचा जुना, खवट वास. त्या वासाखाली कुठंतरी रॉकेल. रॉकेलचा वास आता तिथं असणं शक्य नाही, मला माहीत आहे. पण मला आला.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. आठवणी लिहिणं हे माझं काम नव्हे. पण सुनेनं विचारलं, "शिडी न्हाय तर काय मग?" आणि मला एका वाक्यात सांगता येईना. म्हणून लिहिते.

*

ते रूळ होते. छत्रीच्या काड्यांचे.

कोल्हापुरात पाऊस चार महिने बसतो आणि छत्र्या मोडत राहतात. आमच्या शाहूपुरीच्या गल्लीच्या तोंडाला एक छत्रीवाला बसायचा. मोडक्या छत्रीतली लांब काडी हातात घेऊन बघा. ती भरीव नसते, मधून खोबणीची असते. सरळ, चिवट, एकसारखी. मालक उद्यमनगरला एका कारखान्यात लेथवर होते. लोखंड ओळखायचे. लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी माझी माहेरची छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि म्हणाले, "ह्यो रूळ हाय."

मी म्हटलं, "ही छत्री हाय. माझ्या आईनं दिलीया."

आठ दिवसांनी ती रूळच होती. नवी छत्री त्यांनी आणून दिली, पण पावसाळा संपल्यावर.

पुढं छत्रीवाल्याकडून मोडक्या काड्यांच्या पेंढ्या घरी यायला लागल्या. खोलीत ओल्या कापडाचा आणि गंजाचा वास असायचा. मालक संध्याकाळी जमिनीवर उकिडवे बसायचे, काड्या घासायचे, टोकाला टोक लावून डाग द्यायचे. कथिल वितळलं की राळेचा धूर निघायचा. नाकात झोंबायचा, पण गोडसर. अजून कुणी भांड्याला डाग देत असलं की माझे पाय आपोआप थांबतात.

चाकं त्यांनी लेथवर काढली, जेवणाच्या सुट्टीत, मिस्त्रीला विचारून. इंजिन पितळी पत्र्याचं. आत जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार. बटण रेडिओचं. एका रुळातून वीज यायची, इंजिनाच्या चाकांतून मोटारीत जायची आणि दुसऱ्या रुळातून परत. हे त्यांनी मला रांगोळीनं जमिनीवर काढून शिकवलं. शाळेत मला कुणी इतकं नीट शिकवलं नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, मोठ्या माणसाला हा कसला नाद? मीही विचारलं होतं. मालक म्हणाले, "दिनकरराव कबुतरं पाळत्यात, त्यास्नी इचार."

घाट मी केला. वर्तमानपत्रं भिजवून, चुरगाळून, गव्हाच्या पिठाच्या खळीनं एकावर एक थापली. पंधरा दिवस हात कोपरापर्यंत चिकट. वाळल्यावर गेरू फासला. दुसऱ्या महिन्यात उंदरांनी गगनबावडा खाल्ला. अख्खा. सकाळी बघते तर डोंगराच्या जागी भोक आणि भोकात लेंड्या. आत्याबाई म्हणाल्या, "पिठाचा डोंगर करशील तर आणि काय व्हणार? वर तूप वाढायचं ऱ्हायलं." मग खळीत मोरचूद घातला. पुस्तकं बांधणारे घालतात तो, निळा, विषारी. त्यानंतर उंदीर फिरकले नाहीत आणि घाटाला एक निळसर हिरवी झाक आली. बघणारे म्हणायचे, अगदी पावसाळ्यातल्यासारखा दिसतो. मी कुणाला मोरचूद सांगितला नाही.

रंकाळा म्हणजे फुटक्या आरशाचा तुकडा. ऊस म्हणजे खराट्याच्या काड्या, हिरव्या रंगात बुडवलेल्या. घाटाखालची भातशेती दिनकररावांच्या दुकानातल्या हिरव्या मखमली चिंध्यांची. त्या चिंध्या ते स्वतः वर आणून द्यायचे आणि देताना म्हणायचे, "घ्या वैनी, तुमच्या येड्याच्या रानाला." माडाची झाडं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची. घोसाळं कोवळं असताना भाजी आणि जून झालं की कोकण, असा आमच्याकडं नियम होता.

दोन खोल्यांचं घर. एवढं मोठं रान ठेवायचं कुठं? मालकांनी आढ्याला चार कप्प्या बसवल्या आणि दोरीनं दोन्ही फळ्या वर ओढून ठेवायची सोय केली. आठवडाभर कोल्हापूर, घाट, कोकण सगळं डोक्यावर टांगलेलं. खाली आमचा संसार. कोकणाच्या बरोबर खाली आत्याबाईंची वळकटी. आपल्या माहेराखाली झोपते, असं त्या येईल त्याला सांगायच्या.

सोमवारी उद्यमनगरला सुट्टी. सकाळी अंघोळी झाल्या की कप्प्या करकरायच्या आणि कोल्हापूर हळूहळू खाली यायचं. एकदा फळ्या खाली आल्या की घरात वाट उरत नसे. चुलीकडं जायचं तर घाटाखालून वाकून. मी डोक्यावर पदर घेऊन पाण्याची कळशी राधानगरीच्या जंगलाखालून नेलेली आहे.

गाडीचा आवाज मला अजून म्हणून दाखवता येतो. प्रत्येक काडीच्या सांध्यावर टक्. सरळीला टक्-टक्, टक्-टक्. घाटात चढताना मोटार रडायची आणि टक् लांबायचं. बोगद्यात आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा, कारण बोगदा म्हणजे खरंच तेलाचा डबा होता. खाली दिनकररावांचं शिलाई मशीन चालायचं ते याच तालावर, असं माझी नणंद विमल म्हणायची. वन्सं तेव्हा विशीतल्या, हसऱ्या. त्या तिकिटं फाडायच्या.

मी गार्ड. माझ्याकडं दोन झेंडे, ब्लाउजपीसचे. हिरवा दाखवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा मालकांचाच कायदा. एकदा आमचं भांडण झालं. कशावरून ते आठवत नाही, चूक त्यांची होती. त्या सोमवारी मी सकाळी नऊपासून तांबडा झेंडा धरून बसले.

"आगं, हिरवा दाखव की."

"रूळ मोकळा न्हाय."

"हाय की मोकळा."

"मला दिसत न्हाय."

चार वाजता मटण घेऊन आले. पावणेपाचला गाडी सुटली.

*

पण ही सगळी मांडामांड हौसेचीच होती असं नाही. तिच्यामागं आत्याबाईंचं पोट होतं.

आत्याबाई घाटाखालच्या. लग्न होऊन वर आल्या त्या बैलगाडीतून. पुढं एसट्या सुरू झाल्या तशा माहेरी जायला निघाल्या, पण गगनबावड्याच्या पुढं तिसऱ्या वळणाला त्यांचं पोट तोंडाशी यायचं. लिंबू हुंगलं, आलं चघळलं, पोटाला कापड बांधलं. काही उपयोग नाही. शेवटच्या खेपेला त्यांनी कंडक्टरच्या चामडी पिशवीत ओकारी काढली. त्या कंडक्टरनं काय काय म्हटलं ते आत्याबाई मोठ्या आवडीनं सांगायच्या, पण मी लिहीत नाही. त्यानंतर त्यांनी सांगून टाकलं, "आता रेल्वे झाली की जाईन."

रेल्वे मिरजेहून येते आणि कोल्हापुरात थांबते. पुढं रूळच नाहीत. घाटाखाली जाणार, जाणार, असं माझ्या लग्नाआधीपासून लोक म्हणत होते. अजून म्हणतात.

"सरकार करंना, तर मी करतो," मालक म्हणाले होते. म्हणून आमच्या घरातली गाडी कोल्हापुरात थांबत नसे. स्टेशनाच्या भिंतीतून आरपार पुढं जाऊन, घाट चढून, बोगद्यातून उतरून ती आत्याबाईंच्या गावी जायची. निदान तसा बेत होता. कोल्हापूर ते घाटमाथा पाच वर्षांतच झालं. पण उताराला इंजिन सुटायचं, वळणावर कलंडायचं. एकदा खाली शिजत्या आमटीत पडलं. एकदा आत्याबाईंच्या मांडीवर. कोकणापर्यंत रूळ टिकायला अकरा वर्षं लागली. दिनकरराव रोज जिन्याखालून ओरडायचे, "काय मास्तर, कोकण आलं का?"

त्याच वर्षी डॉक्टरांनी आत्याबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येणार नाही, राहिलं तेही जाणार. आणि घाटाखालून मामांचा निरोप आला की नवरात्रात येतो.

मामा आले खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, नारळांचं पोतं आणि आमसुलांची पुडी घेऊन. गुडघा सुजलेला. उंबऱ्यात बसून म्हणाले, "बाय गो, ह्यो माझो शेवटचो फेरो. आता घाट चढूक जमाचा नाय."

आत्याबाई म्हणाल्या, "मी तरी खंय उतरतंय?" भाऊ आला की त्यांची बोली बदलायची. दोघं सत्तरीच्या पुढची. एकाला चढवत नाही, एकीला उतरवत नाही.

मालकांनी हे ऐकलं. लगेच खाली गेले आणि दिनकररावांच्या दुकानात उभं राहून सांगितलं, "उद्या सकाळी आई गूळ पाठवणार, मामा उतरून घेणार. या बघायला. न्हाय चालली तर सगळं भट्टीत." दिनकररावांनी ते अख्ख्या गल्लीला कळवलं. म्हणून चौदा माणसं.

*

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. मालकांचे पाने, कानस, हातोडी, माझी विळी, दिनकररावांची कात्री, सगळ्यांची पूजा. आधी घासायची, पुसायची, लोखंडाला तेलाचं बोट फिरवायचं, मग हळदकुंकू, फूल. आईनं मला असंच शिकवलं, तिला तिच्या आईनं.

त्या पहाटे मी लवकर उठले. फळ्या आदल्या दिवशीच खाली सोडल्या होत्या. विळीला तेल लावलं, हातोडीला लावलं. मग रुळांकडं बघितलं. पावसाळ्यानंतर मालकांनी ते पॉलिशपेपरनं घासून चांदीसारखे केले होते. माझ्या मनात आलं, आजच्या दिवशी सगळ्या लोखंडाला तेल आणि ह्यांनाच नाही? आज तर ह्यांचं खरं काम आहे.

खोबरेल तेलाची वाटी घेतली आणि कोल्हापूर स्टेशनापासून कोकणापर्यंत दोन्ही रुळांना बोटानं तेल लावलं. हलक्या हातानं, पोराच्या टाळूला लावतात तसं. मग प्रत्येक वीतभर अंतरावर कुंकवाचं बोट आणि रुळांच्या कडेनं झेंडूच्या पाकळ्या. इंजिनाच्या चाकांनाही. नारळ स्टेशनासमोरच फोडला. फार छान दिसत होतं. इतकं छान आमचं कोल्हापूर कधीच दिसलं नव्हतं.

मालकांनी बघितलं तेव्हा त्यांना फुलं दिसली. पाकळ्यांमधल्या रुळांवर काय आहे ते दिसलं नाही.

*

तर गाडी हलली नाही.

मालक फळीखाली शिरले. नुसते पाय बाहेर. वायरी ओढून बघत होते, शिव्या देत होते, त्या आईला ऐकू जाऊ नयेत म्हणून खोकत होते. मामांनी हात हळूच मागं घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. तो हात मागं गेला ते मला बघवलं नाही. मी दुसरीकडं बघावं म्हणून पदर सारखा केला, तर पदर बोटांतून सटकला.

बोटं बघितली. तेलकट.

रांगोळीनं काढलेलं ते चित्र डोळ्यांपुढं आलं. एका रुळातून येते, चाकांतून जाते, दुसऱ्यातून परत. आणि मधे माझं तेल आणि माझं कुंकू.

वन्सं शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं, मग रुळांकडं, मग कानाशी लागल्या.

"वैनी, रुळास्नी तेल लावलासा व्हय?"

"हळू बोला."

"आगं माझ्या देवा."

आता चौदा माणसांपुढं उठून, मीच घाण केली, असं सांगायचं? ज्या माणसानं अकरा वर्षं घातली त्याला? सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. मी उठले आणि मोठ्यानं म्हटलं, "आत्याबाई, गाडीला दिष्ट लागलीया!"

"मला वाटलंच," आत्याबाई म्हणाल्या. "एवढी माणसं कशाला जमवायची?"

मी आत गेले. मीठ-मोहरी घेतली. स्टोव्हजवळची रॉकेलची बाटली घेतली, आणि मालकांचा धुतलेला बनियन फाडून दोन तुकडे केले. बाहेर येऊन मीठ-मोहरी इंजिनावरून ओवाळली आणि रॉकेलचा बोळा रुळांवर टेकवला.

"आल्यागेल्याची, पावण्यारावळ्याची, खालच्या शिंप्याची..."

"आता माझं काय वो वैनी?" दारातून आवाज आला. "आणि दिष्ट रॉकेलनं काढत्यात व्हय?"

"लोखंडाची अशीच काढत्यात," मी म्हटलं.

मी पुढं बोळ्यानं पुसत, वन्सं मागून कोरड्या फडक्यानं. "तुमी म्होरं व्हा, मी कोरडं करतो," त्या म्हणाल्या, आणि हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते. रंकाळा गेला, ऊस गेला, घाट चढलो. प्रत्येक वळणाला मी तोंडानं पुटपुटत होते आणि बोळा लाल होत होता. बोगद्याशी माझा हात थांबला. तेलाचा डबा लांब, माझा हात आखूड. आत पोचेना. मग ध्यानात आलं, आत हात पोचत नाही म्हणजे पहाटे तेलही पोचलं नसणार. मी पलीकडून सुरुवात केली. भातशेती, माड, आणि शेवटी मामांचे पाय.

इंजिन उचलून चाकं पुसली, तेवढ्यात मालक फळीखालून बाहेर आले. त्यांनी नाक वर करून वास घेतला. माझ्या हातातला बोळा बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "काढली दिष्ट. आता फिरवा बटण."

त्यांनी इंजिन माझ्या हातातून घेऊन रुळांवर ठेवलं, गुळाचा खडा सारखा केला. मग थांबले.

"झेंडा?" म्हणाले.

माझा झेंडा कुठं होता कुणास ठाऊक. मी पदराचं टोक हलवलं. पदर हिरवाच होता.

टक्.

एवढाच आवाज, आणि खोलीतल्या सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. टक्-टक्. इंजिन स्टेशनाच्या भिंतीतून पुढं गेलं. रंकाळ्यात त्याची सावली सरकली. घाटात मोटार रडायला लागली, आणि मामा खालून म्हणायला लागले, "ये, ये, ये," वासराला बोलवावं तसं. गाडी बोगद्यात शिरली. आवाज डब्यातला झाला, बारीक झाला, लांबला. आत्याबाईंनी स्टुलाची कड धरली. त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांनी अकरा वर्षं तो आवाज ऐकला होता. कुठला आवाज कुठल्या वळणाचा ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायचं.

"उतरायला लागली," त्या म्हणाल्या. अजून आम्हांला कुणाला काही दिसलं नव्हतं.

पितळ चमकलं. गाडी बोगद्यातून बाहेर आली, तिसऱ्या वळणावर जरा डुलली. "हितंच!" आत्याबाई ओरडल्या. "हितंच मला उलटी व्हायची!" सगळे हसले, दिनकरराव सगळ्यांत मोठ्यानं. गाडी हसण्यातूनच खाली गेली आणि माडांच्या मधे, मामांच्या पुढ्यात उभी राहिली.

मामांनी गूळ उचलला. लगेच खाल्ला नाही. कपाळाला लावला, मग तोंडात टाकला.

"पोचली रं?" आत्याबाईंनी विचारलं.

"पोचली गो बाय," मामा म्हणाले. "गूळ पोचलो." आणि तोंडात गूळ असल्यामुळं त्यांना पुढचं बोलता आलं नाही. निदान आम्ही तसंच धरून चाललो.

परतीला त्यांनी डब्यात दोन आमसुलं ठेवली. इंजिन वळायची सोय नव्हती, ते उलटं आलं. आत्याबाईंनी चाचपून आमसूल उचललं, तोंडात टाकलं, डोळे गच्च मिटले. आंबटानं मिटतात तसे. त्या दिवशी घाटातून गाडीच्या सतरा फेऱ्या झाल्या. वन्संनी मोजल्या. गूळ जायचा, आमसूल यायचं. दिनकररावांनी एका फेरीला बटण पाठवलं, शर्टाचं. मामांनी ते कोपरीच्या खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी घेऊन गेले.

इंजिन भट्टीत गेलं नाही. मालकांना कुणी विचारलं, आधी का अडली होती, तर ते सांगायचे, "वायर ढिली हुती."

*

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या पहाटे मी उठले, तर हत्यारांच्या शेजारी पाटावर काहीतरी नवीन ठेवलं होतं. हातभर रूळ. छत्रीच्याच काड्या, खाली लाकडी पट्ट्या, सागवानी पाट, कडा गोल घासलेल्या. दोन्ही टोकांना वायर नाही. कुठंच जोडलेला नाही. इंजिन त्याच्यावर उभं.

मालक चूळ भरून आले.

मी विचारलं, "ह्यो कशाला?"

"पूजेला," ते म्हणाले. "हितं किती पायजे तेवढं तेल वत."

एवढंच. वर्षभर त्यांनी शब्द काढला नव्हता, आणि त्यानंतरही कधी काढला नाही. मीही नाही. चहा ठेवला. त्या चहात मी साखर जरा जास्त घातली असेल.

दर वर्षी त्याच रुळावर पूजा झाली. थरावर थर. त्याला सून गंज म्हणते.

*

कोल्हापूरची फळी नंतर वाळवीनं खाल्ली. कोकणात माझ्या हातून मोरचूद जास्त पडला होता, म्हणून ते राहिलं. माझ्या पलंगाखाली आहे. परवा सुनेनं आणि मी ती फळी बाहेर ओढली, बोगद्यातली कोळिष्टकं काढली, रूळ घासले. सून म्हणाली, "मम्मी, नवमीला तेल लावायचं काय ह्यास्नी?" मी म्हटलं, "ह्यास्नी न्हाय. त्या शिडीला."

इंजिन अजून चालतं. बोगद्यापासून माडांपर्यंत, चार फूट. सुनेनं हिरवा रुमाल हलवला.

टक् ऐकून मी सांगलीला फोन लावला. वन्संना आता कमी ऐकू येतं. फोन फळीजवळ धरला. गाडी माडांपर्यंत पोचली. मग त्या ओरडल्या, एवढ्या मोठ्यानं की सून दचकली, "वैनी! तेल न्हाय न्हवं लावलासा?"

त्या सकाळी खोलीत आम्ही चौदा मोठी माणसं होतो. आता विमलवन्सं आहेत, आणि मी आहे.